घरातला बोका एफआयव्ही पॉझिटिव्ह निघाला, तर बाकीच्या मांजरांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तीन मांजरं. दोन भाट्या लहानपणापासून घरातच वाढलेल्या, दोघींची नसबंदी झालेली. तिसरा बोका चारेक वर्षांचा, बाहेर वाढलेला, नुकताच घरात घेतलेला. त्याच्या नसबंदीच्या वेळी रक्त तपासलं तेव्हा तो एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करणाऱ्या विषाणूसाठी, पॉझिटिव्ह निघाला. कुणी सांगितलं त्याला खोलीत कोंडून ठेवा, कुणी सांगितलं कायमचा झोपवा. तोवर तो काही आठवडे त्या दोघींच्याच वाटीतलं पाणी पीत होता आणि एकीला चाटतही होता. हा विषाणू पसरतो तरी कसा, आणि आता त्या दोघींचं काय होणार?

झोपवण्याचा सल्ला आधी बाजूला ठेवा. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर चांगल्या खात्यापित्या मांजराला मारणं चूक आहे, आणि हे मी कुणाच्याही समोर ठामपणे म्हणेन. कोंडून ठेवायचं की नाही, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरतं: ही तिघं एकमेकांना चावतात का? वाटी, पाणी, चाटणं, एकाच गादीवर झोपणं या गोष्टींचा त्या निर्णयात फारसा वाटा नाही. असं का, ते कळायला हा विषाणू एका मांजरातून दुसऱ्यात कसा जातो ते नीट पाहावं लागेल.

एफआयव्ही बाधित मांजराच्या रक्तात असतो आणि लाळेतही असतो. लाळग्रंथींमध्ये तो वाढतो. लाळेत मोकळे विषाणूही असतात आणि विषाणू पोटात घेऊन फिरणाऱ्या पांढऱ्या पेशीही. तरीही लाळ नुसती अंगाला किंवा तोंडाला लागून सहसा काही होत नाही. विषाणूच्या बाहेरचं आवरण चरबीचं आणि नाजूक असतं, त्यामुळे शरीराबाहेर तो फार टिकत नाही. वाळला की निकामी होतो. साबण, अल्कोहोल, ब्लीच यांतलं काहीही त्याला पुरतं. शिवाय धड असलेली कातडी आणि तोंडातलं धड अस्तर ओलांडून जाणं त्याला जड जातं. प्रयोगशाळेत तोंडावाटे लागण करून दाखवली आहे, पण त्यासाठी टोचून द्यायच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त विषाणू लागला.

टोचून देणं मात्र मांजराच्या सुळ्यांना उत्तम जमतं. सुळा बारीक, लांब आणि टोकदार असतो. बोका चावतो तेव्हा तो कातडीतून आत स्नायूपर्यंत जातो, लाळ तिथे सोडतो आणि बाहेर येतो. वरचं भोक इतकं लहान असतं की दुसऱ्या दिवशी नुसती खपली दिसते. माझ्याकडे असा बोका येतो तेव्हा डोळ्यांनी जखम शोधून फायदा नसतो. केसांत उलट्या दिशेने बोटं फिरवावी लागतात. मानेवर, खांद्यावर, पुढच्या पायांवर किंवा शेपटीच्या मुळाशी कुठेतरी केसांचा चिकटलेला झुपका लागतो, त्याखाली मुगाएवढी खपली, आणि खपली काढली की आतून पू येतो. तीन-चार दिवसांत तिथे गळू धरलेलं असतं. पुढच्या अंगावर जखमा म्हणजे बोका समोरासमोर भिडला, शेपटीच्या मुळाशी म्हणजे पळताना मागून चावा बसला. या गळवांचा इतिहास असलेल्या, जाड गालांच्या, फाटक्या कानांच्या बोक्याला मी एफआयव्हीची तपासणी सुचवतोच. नसबंदी न झालेले, बाहेर फिरणारे, हद्दीसाठी कळवंडणारे प्रौढ बोके यांच्यात हा विषाणू सगळ्यात जास्त सापडतो, आणि जगात जिथे जिथे मांजरांची तपासणी झाली तिथे साधारण हेच चित्र दिसलं आहे. भाट्यांमध्ये प्रमाण बरंच कमी.

मादी माजावर असतानाचा संबंध हाही चाव्याचाच प्रसंग असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. बोका मादीची मान दातांत धरूनच चढतो. एफआयव्ही वीर्यातही सापडला आहे, पण नैसर्गिक परिस्थितीत निव्वळ संभोगातून लागण होणं विरळाच मानतात. त्या वेळी मानेला लागलेल्या दातांचा धोका मला जास्त खरा वाटतो.

आता तो आत गेल्यावर काय करतो ते. एफआयव्ही हा रेट्रोव्हायरस कुळातल्या लेंटिव्हायरस गटातला, म्हणजे माणसांच्या एचआयव्हीचा नातेवाईक. १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय विभागात नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी तो वेगळा केला. कॅलिफोर्नियातल्याच पेटालुमा इथे एकत्र ठेवलेल्या मांजरांमध्ये काही मांजरं एकापाठोपाठ एक आजारी पडत होती, प्रतिकारशक्ती ढासळल्यासारखी लक्षणं होती, पण त्यांच्यात फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू सापडत नव्हता. तिथून हा शोध लागला. विषाणू तेव्हा सापडला असला तरी तो तेव्हा जन्मलेला नाही. पुढे जपान आणि अमेरिकेत साठवून ठेवलेले मांजरांच्या रक्ताचे नमुने तपासले, तर १९६० च्या दशकाच्या अखेरच्या नमुन्यांतही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने त्याच्याशी लढायला तयार केलेली प्रथिनं, निघाली. सिंह, प्यूमा अशा जंगली मार्जारकुळातल्या प्राण्यांमध्येही त्याचे आपापले भाऊबंद आहेत.

जखमेत उतरलेला विषाणू आधी तिथल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींच्या हाती लागतो. या पेशींचं काम परक्या गोष्टी उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत, म्हणजे गाठीत, नेऊन दाखवणं हे आहे, आणि त्या ते इमानेइतबारे करतात. तिथे त्याला हव्या त्या पेशी मिळतात: हेल्पर टी पेशी, ज्यांना सीडी४ पेशी म्हणतात. एचआयव्ही या पेशींत शिरायला सीडी४ हाच रेणू धरतो. एफआयव्ही तसं करत नाही. तो सीडी१३४ नावाचा रेणू धरतो आणि मग सीएक्ससीआर४ या दुसऱ्या रेणूच्या मदतीने आत शिरतो. सीडी१३४ ची भूमिका २००४ मध्ये स्पष्ट झाली. हा रेणू मांजरात मुख्यतः जाग्या झालेल्या, म्हणजे कुठल्यातरी जंतूशी लढायला सक्रिय झालेल्या हेल्पर टी पेशींवर असतो. मांजराच्या चाव्यातून नुसता विषाणू जात नाही, तोंडातले भरपूर जिवाणूही जातात आणि जवळच्या गाठीला अवधाण येतं. म्हणजे ज्या गाठीत विषाणू पोहोचतो तिथे सक्रिय पेशी आधीच गोळा होत असतात. चाव्यातून लागण इतकी सहज का होते याचं मला पटणारं स्पष्टीकरण यातच आहे.

पेशीत शिरल्यावर तो आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढतो. हे काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं त्याचं स्वतःचं विकर (एन्झाइम) करतं. मग दुसरं विकर, इंटिग्रेज, ती प्रत मांजराच्या पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतं. इथून पुढे ती पेशी विभागली की विषाणूची प्रतही सोबत विभागली जाते. म्हणूनच लागण झालेलं मांजर आयुष्यभर बाधित राहतं. शरीर विषाणूला दाबून धरू शकतं, काढून टाकू शकत नाही. हे आधीच सांगतो, कारण 'अमुक काढा दिल्यावर निगेटिव्ह झालं' असे दावे लोक घेऊन येतात. एकदा खरोखर बाधित झालेलं मांजर काढ्याने निगेटिव्ह होत नाही. पहिली चाचणीच चुकीची पॉझिटिव्ह होती किंवा पिल्लाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं होती, अशी कारणं निघतात.

चाव्यानंतर रक्तातल्या विषाणूचं प्रमाण वाढत जाऊन साधारण आठ ते बारा आठवड्यांनी शिगेला पोहोचतं. या काळात थोडा ताप, मरगळ, गाठी सुजणं, पांढऱ्या पेशी कमी होणं असं होतं, पण बरेचदा ते घरच्यांच्या नजरेतून सुटतं. मग शरीर त्याला आटोक्यात आणतं आणि एक लांबलचक शांत काळ सुरू होतो. तो वर्षानुवर्षं चालतो. या काळात मांजर खातं, खेळतं, अंग चाटून स्वच्छ ठेवतं. आत मात्र सीडी४ पेशी हळूहळू घटत असतात. काही मांजरांत त्या इतक्या घटतात की हिरड्या आणि घशाचा चिवट दाह, सतत वाहणारं नाक, न भरणाऱ्या जखमा, वजन उतरणं, डोळ्यांच्या आतला दाह, कधी वागण्यातला बदल असं एकेक सुरू होतं. लिम्फोमा नावाच्या कर्करोगाचा धोकाही बाधित मांजरांत बराच वाढलेला असतो. पण अनेक बाधित मांजरं या टप्प्यावर पोहोचतच नाहीत. ती म्हातारी होऊन, मूत्रपिंडाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या वयाच्या आजाराने जातात, इतर मांजरांसारखीच.

आता तुमचा मूळ प्रश्न: एकत्र राहणं. २०१४ मध्ये दोन मांजरनिवाऱ्यांतल्या निरीक्षणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका ठिकाणी ८ बाधित मांजरं १३० निगेटिव्ह मांजरांसोबत मोकळी राहत होती. एकाच वाट्या, एकाच वाळूच्या पेट्या, एकमेकांना चाटणं, सगळं चालू. पुन्हा तपासलेल्या मांजरांत नवी लागण निघाली नाही. दुसऱ्या ठिकाणी ५ बाधित माद्या आणि त्यांची १९ पिल्लं होती. एकाही पिल्लाला लागण झालेली नव्हती. पहिल्या ठिकाणची मांजरं नसबंदी झालेली, एकमेकांची सवय झालेली होती हे विसरू नका. एकत्र राहणाऱ्या मांजरांत विषाणू हळूहळू पसरल्याच्या नोंदीही आहेत. दोन्ही खरं आहे. ज्या घरात भांडण नाही तिथे धोका फार कमी, आणि ज्या घरात दर आठवड्याला कुणाचं तरी केस उपटलं जातं तिथे तो कमी नाही.

इथे एक सावधगिरी हवी. फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू, एफईएलव्ही, याचं वागणं वेगळं आहे. तो मैत्रीतूनही पसरतो: चाटण्यातून, वाटीतून, जवळच्या सहवासातून. बहुतेक क्लिनिकमधली झटपट चाचणी दोन्ही एकदम तपासते, आणि कागदावर दोन ओळी शेजारी असतात. लोक दोन्ही आजारांचे नियम एकत्र करून टाकतात आणि मग वाट्या उकळत बसतात. तुमच्या बोक्याच्या रिपोर्टवर एफईएलव्हीची ओळ निगेटिव्ह आहे ना, ते आधी पाहा. ती पॉझिटिव्ह असेल तर मी इथे एकत्र राहण्याबद्दल लिहिलेलं त्याला लागू नाही.

आईकडून पिल्लांना होणारी लागण नैसर्गिक परिस्थितीत क्वचित होते. गाभण असतानाच आईला नवी लागण झाली आणि रक्तात विषाणू भरपूर असला तर शक्यता वाढते. प्रयोगात काही प्रकारच्या विषाणूंनी गर्भात आणि दुधातूनही लागण झालेली आहे. पिल्लांच्या बाबतीत चुकीचे निर्णय होतात ते वेगळ्याच कारणाने. बाधित आईच्या चिकातून पिल्लांना तिची प्रतिपिंडं मिळतात. चाचणी प्रतिपिंडंच शोधत असल्याने निरोगी पिल्लूही पॉझिटिव्ह दाखवतं. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हा निकाल मानायचा नाही. सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासायचं. बहुतेक तेव्हा निगेटिव्ह निघतात.

चाचणीबद्दल मोठ्या मांजरांसाठीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. लागण झाल्यावर प्रतिपिंडं दिसायला वेळ लागतो. बहुतेकांत ती साठ दिवसांच्या आत येतात. काल चावा बसलेल्या मांजराची आज चाचणी केली तर ती फक्त कालपूर्वीची स्थिती सांगते. आणि ज्या मांजराला लागण व्हायचं काही कारणच नव्हतं, त्याचा पॉझिटिव्ह रिपोर्ट दुसऱ्या पद्धतीने किंवा दुसऱ्या कंपनीच्या किटने पडताळून घ्यावा. थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी आहे, पण विषाणूचे अनेक उपप्रकार असल्याने निगेटिव्ह पीसीआर म्हणजे लागण नाही असं छातीठोक सांगता येत नाही. एफआयव्हीची एक लस २००२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली होती. तिने झालेली प्रतिपिंडं नेहमीच्या काही चाचण्यांत खऱ्या लागणीपासून वेगळी ओळखता येत नव्हती, संरक्षणही सगळ्या उपप्रकारांविरुद्ध सारखं नव्हतं, आणि पुढे तिथली विक्री बंद झाली. तेव्हा लसीच्या भरवशावर राहू नका.

माणसांना हा विषाणू होत नाही. तुम्हाला नाही, मुलांना नाही, गरोदर बाईला नाही, कुत्र्यालाही नाही. बोका चावला तर जखम धुऊन डॉक्टरकडे जायचं ते इतर जंतूंसाठी आणि रेबीजसाठी, एफआयव्हीसाठी नाही.

तुमच्या घरात मी काय केलं असतं ते सांगतो. बोक्याची नसबंदी झाली आहे, ही निम्मी लढाई. पण शस्त्रक्रियेनंतर नराचं संप्रेरक उतरायला काही आठवडे जातात आणि जुनी सवय त्याहून उशिरा जाते. तेवढा काळ तुम्ही घरात नसताना आणि रात्री त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, समोर असताना एकत्र सोडा. तो एकीला चाटतो हे उत्तम लक्षण आहे. दुसरीबरोबर कसं आहे ते पाहा. कळवंड व्हायच्या आधी बराच वेळ शांतपणे काहीतरी चालू असतं: एक दारात आडवा बसतो आणि दुसरी आत यायचं टाळते, डोळ्याला डोळा लावून बघणं, शेपटीचं टोक हलणं, कान मागे जाणं, एकीचं पेटीत जाणं कमी होणं. खेळात आवाज नसतो आणि पाळी बदलते, कधी हा खाली, कधी ती. गुरगुरणं, फिस्कारणं आणि केसांचे पुंजके दिसले की तो खेळ नव्हे.

वाट्या वेगळ्या आणि लांब लांब ठेवा. हे विषाणूसाठी नाही, जेवताना तंटा होऊ नये म्हणून. वाळूच्या पेट्या मांजरांपेक्षा एक जास्त, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. उंचावर बसायच्या जागा वाढवा, म्हणजे दुसरीला खाली अडकून पडावं लागणार नाही. खरोखर न पटणारी जोडी असेल, सारखे चावे होत असतील, तर मात्र मी कायमचं वेगळं ठेवायला किंवा बोक्याला एकटं मांजर असलेलं घर शोधायला सांगेन. तो निर्णय निष्ठूर नाही.

बोक्याचं बाहेर जाणं बंद. त्याने इतरांना चावू नये म्हणून, आणि तितकंच त्याला इतरांचे जंतू मिळू नयेत म्हणूनही. कच्चं मांस आणि कच्ची अंडी देऊ नका. दर सहा महिन्यांनी तपासणी, त्यात तोंड नीट उघडून बघणं आणि वजन. वजन घरीही दर महिन्याला लिहून ठेवा. एवढीशी घट कागदावर दिसते, डोळ्याला दिसत नाही. लसी शक्यतो निष्क्रिय विषाणूंच्या द्याव्यात. बुरशीच्या त्वचारोगासाठी ग्रिसिओफल्विन हे औषध एफआयव्ही असलेल्या मांजरांत अस्थिमज्जेला घातक ठरू शकतं, म्हणून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा. एझेडटीसारखी विषाणूविरोधी औषधं काही आजारी मांजरांना उपयोगी पडतात, पण त्यांनी रक्त कमी होऊ शकतं. ठणठणीत मांजराला ती कुणी सहज लिहून देत असेल तर कारण विचारा. आणि हा बोका रक्तदाता म्हणून कधीही वापरायचा नाही, कारण रक्त चढवणं हा लागणीचा सरळ मार्ग आहे.

दोघी भाट्यांचं रक्त या आठवड्यात तपासून घ्या. ती आधीची नोंद होईल. दुसरी तपासणी पहिलीनंतर साठ दिवसांनी. मधल्या काळात कुणाच्या अंगावर खपली किंवा गळू सापडलं तर ती तारीख लिहून ठेवा आणि साठ दिवस तिथून पुन्हा मोजा. दोघींचे दुसरे रिपोर्ट येईपर्यंत घरात नवीन मांजर आणू नका, कारण घडी बसलेल्या घरात नवं तोंड आलं की भांडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.